आईंच्या गुडघ्यांपुढची जागा

जावेला दिवस गेले आणि मी विमानाच्या खुर्च्यांची तज्ज्ञ झाले. जाऊ कॅनडात. तिची आई हयात नाही, म्हणून बाळंतपणाला माझ्या सासूबाई जाणार असं ठरलं. तिकीट काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याला ऑफिस, आणि मी काय, मुलुंडच्या घरी बसून ब्लाउज शिवते, म्हणजे रिकामीच.

सकाळी उठले की जावेचे मेसेज येऊन पडलेले असायचे. ‘वहिनी, या विमानात पाय ठेवायला जागा जास्त आहे.’ ‘वहिनी, त्यातली सीट मागे जात नाही म्हणे, रिव्ह्यू वाचा ना.’ मी वाचत बसायचे. कुणाची पाठ आखडली, कुणाला हात ठेवायला जागा नाही. मशीनच्या स्टुलावर बसून माझी कंबर कामातून गेली, तिचा रिव्ह्यू आजवर कुणी विचारला नाही.

हेवा वाटत होता, सरळच सांगते. माझी दोन्ही बाळंतपणं चेंबूरला माहेरी झाली, आमच्यात रीतच ती. सासूबाई दोन्ही वेळा बारशाला आल्या, माझी ओटी भरली, जेवल्या आणि परत गेल्या. आता त्याच सासूबाई डिंक तळत होत्या, अळीव निवडत होत्या. स्वतःच्या मऊ सुती साड्या माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, “यांची दुपटी शिवून दे गं. शिवण बारीक घाल, बाळाला टोचायला नको.” मी शिवली. जावेच्या नावाने जळत जळत शिवली.

साइटवर दोन सीटांमधली जागा इंचांत लिहिलेली असते. ती डोळ्यांपुढे येईना, म्हणून एका दुपारी मी मापाची टेप काढली. जेवणाच्या टेबलाची खुर्ची कपाटासमोर ठेवली, पाठीपासून अंतर मोजलं आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, बसवलं. गुडघे थेट कपाटाला टेकले. दुसऱ्या कंपनीच्या मापाने खुर्ची मागे सरकवली, तरी तेच.

“अगं, बास कर,” आई म्हणाल्या. “बसायचंच तर आहे ना.”

“तुमच्या धाकट्या सूनबाईला नाही चालायचं. तुमच्या गुडघ्यांची केवढी काळजी तिला.”

“तुलाही आहेच की. उगाच का टेप घेऊन खाली बसलीयस?”

“माझं काय घेऊन बसलात. माझ्यासाठी कधी डिंक नाही तळलात.” निघून गेलं तोंडातून.

आई खुर्चीतून उठल्या नाहीत. “तुझी आई होती ना गं.”

“म्हणून काय झालं? मुलुंडहून चेंबूरला यायला विमान लागतं?”

“बोलावलं कुणी?” कपाटाकडे बघतच त्या म्हणाल्या. “बारशाला आले, तर तुझ्या आईने मोठ्या मानाने खुर्ची दिली. गुडघे दुखतात ना, बसा म्हणाली. सगळ्या बायका पाळण्याभोवती. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, पोर या हातातून त्या हातात. मी खुर्चीत. माझ्यापर्यंत काही आलं नाही ते. धाकट्याच्या वेळी उठायला गेले, तर म्हणाली, विहीणबाई, तुम्ही नका त्रास घेऊ. एवढी जळले होते तुझ्या आईवर!”

मी टेप गुंडाळत राहिले. माझ्या आईने चांगल्या मनानेच बसवलं असणार त्यांना. विहिणीचा मान राखायला आमच्याकडे शिकवावं लागत नाही. आणि मी तेव्हा बाजेवर पडून बघत होते, सासूबाई कशा पाहुणीसारख्या बसल्यात.

मग फोन घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले आणि खुर्च्यांचा नकाशा उघडला. सगळ्यात पुढच्या रांगेसमोर नुसती भिंत होती, म्हणजे पाय लांब करायला हवी तेवढी जागा. पण त्या रांगेवर पाळण्याचं चित्र होतं. तान्ही मुलं घेऊन येणाऱ्या बायकांना तिथे बसवतात. रिव्ह्यूमध्ये एकजात सगळ्यांची बोंब, चुकूनही घेऊ नका, रडून रडून डोकं उठवतात. मी आईंना वाचून दाखवलं.

“शेजारी तान्हं बाळ येईल, आई. झोप नाही मिळायची.”

“त्या बाईला जेवायला तरी हात मोकळे नकोत का?” आई म्हणाल्या. “मी घेईन की.”

मी तीच सीट घेतली. जावेचा हेवा काही गेला नाही. तिचं पोर पहिल्या दिवसापासून आईंच्या मांडीवर असणार, आणि माझे दोघे आता दाढी करतात. पण त्यानंतर रोज सकाळी आई मला शेजारची सीट कुणी घेतली का ते बघायला लावायच्या. रिकामी आहे म्हटलं की माझीच समजूत घातल्यासारखं म्हणायच्या, “येईल गं कुणीतरी.”