आबांची अडीच मिनिटं

फोनच्या पडद्यावर आबांच्या थिजलेल्या चेहऱ्यावर एक पांढरं वर्तुळ गोल गोल फिरत होतं. शेजारी आत्या चष्मा पुसून, पंखा बंद करून ऐकायला बसली होती. माझे वडील, म्हणजे आबा, जाण्याच्या चार दिवस आधी खास तिच्यासाठी कॅमेऱ्यासमोर अडीच मिनिटं बोलले होते. तो व्हिडिओ दाखवायलाच मी तिच्या गावी आलो होतो. तिथे रेंज नसते हे मला ठाऊक होतं. पण व्हिडिओ माझ्याच फोनमध्ये आहे, याची मला खात्री होती.

तो फोनमध्ये नव्हता. गेल्या महिन्यात फोनने विचारलं, जागा मोकळी करू का? मी हो म्हटलं आणि एकतीस जीबी व्हिडिओ क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात गेले. मागे प्रत्येक व्हिडिओचं एक लहानसं चित्र तेवढं राहिलं. ते रोज पाहून मी निश्चिंत होतो. खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी फसवलं गेल्यासारखं आत काहीतरी कडवट झालं. आपलं म्हणतो त्यातलं खरोखर आपल्या हाताशी किती असतं, हे मी कधी मोजून पाहिलं नव्हतं.

"रेंज असेल तिथे जाऊन उतरवून आणतो," मी म्हणालो.

आत्याने फोन हातात घेऊन उलटसुलट केला. "एवढ्या मोठ्या फोनात तुझा बाप मावला नाही होय रे?"

"मावले होते, आत्या. मीच बाहेर काढले."