शिकवणं माझं, तोंड दुसऱ्याचं

कंपनीच्या सरांनी आधी माझा खरा व्हिडिओ लावला. क्रांती चौकातल्या आमच्या ऑफिसात, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी अपूर्णांक शिकवत होते. "बारा मेंढ्या हायेत. त्यातल्या तीन वावरात शिरल्या. मंग कळपाचा कितवा हिस्सा शिरला?" सगळे हसले. सरांनी व्हिडिओ मागं घेऊन 'हायेत' परत ऐकवलं. परत हसले.

मग दुसरा लावला. पाठ तोच. माझीच वाक्यं, माझाच क्रम, पोरं चुकतात तिथं थांबायची माझीच जागा. पण बोलत होती एक गोरी, मोकळ्या केसांची बाई. अशी बाई कुठंच नाही. एआयनं बनवलेली. आवाज टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईसारखा. मेंढ्यांच्या जागी केकचे तुकडे.

"ज्ञान तुमचंच आहे," सर मला म्हणाले. "आम्ही फक्त चेहरा आणि भाषा स्वच्छ केली."

स्वच्छ. टाळ्या वाजल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

आमची ऑनलाइन शिकवणीची कंपनी. मी सहावी-सातवीचं गणित घ्यायचे. खुलताबादकडच्या मेंढपाळाची पोर मी. मेंढरांमागं फिरत, शाळा बदलत शिकले. बी.एड. केलं. लहानपणी शाळेतल्या एक बाई म्हणाल्या होत्या, आधी नीट बोलायला शीक, मग हात वर कर. कितीतरी वर्षं मी हात वर केला नाही. उत्तर येत असून.

सरांनी सांगितलं की आता मी कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, नुसते पाठ तयार करून द्यायचे. पालकांना असा आवाज नको असतो. 'असा' म्हणजे कसा, ते बोलले नाहीत. गरज नव्हती.

घरी मायला दोन्ही व्हिडिओ दाखवले. ती म्हणाली, "बाई लई देखणी हाय. पण तू कुठं हायेस यात?"

मी व्हिडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"माझं शिकवणं पायजे आन् मी नको, असं नाय चालायचं. माझे पाठ काढून टाका."

ते शांतपणे म्हणाले की एआय आता पाठही लिहितं, तुमच्यावाचून काही अडत नाही.

"मंग त्याच्याकडूनच लिहून घ्या. माझे कशाला ठेवता?"

सरांनी शिपायाला बोलावून मला बाहेर सोडून यायला सांगितलं. जाताना कुणी मान वर केली नाही. त्यात दोघं शेंद्रा गावचे होते, माझ्यासारखंच बोलणारे. घरी. ऑफिसात नाही.

नोकरी गेली. आता मी घरून मोबाइलवर स्वतःचे वर्ग घेते. एआय मीही वापरते. सरावाची गणितं त्याच्याकडून काढून घेते. ते 'वावर'चं 'शेत' करतं, मी परत 'वावर' करते. यंत्राशी माझं भांडण नाही. कुणाची बोली घाण, हे त्याला माणसांनीच सांगितलंय. परवा एका पोरीनं माईक चालू केला. "मॅडम, हे आसं का व्हतं?" म्हणाली आणि घाबरून गप्प झाली. मी म्हणाले, बोल. पुढं बोल.

माझे जुने पाठ अजून त्या बाईच्या चेहऱ्यानं चालतात. कंपनी म्हणते, ते आमचे. नायत. मी वकील गाठलाय. ते काढल्याबिगर मी सोडणार नाय. कोर्टात उभं राहावं लागलं तर तिथंही मी अशीच बोलीन.