रुमालाखालचा नकार

भूत, चेटूक, अंगात येणं... मी यातलं काहीच मानत नाही. हळदीच्या व्यापारात तीस वर्षं काढली, आणि तीही शून्यातून. मला कोणी सहज फसवू शकत नाही. तरीही हे लिहितोय.

सांगलीत पूर्वी हळदीचा भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा. मला हे शिकवलं अण्णांनी, माझ्या थोरल्या भागीदारानं. भाव पसंत नसला की ते अंगठ्याचं नख माझ्या तळहातात रुतवून गर्रकन फिरवायचे. म्हणजे सौदा मोडला. असं दुसरं कोणी करत नसे. पुढे याच अण्णांनी भर बाजारात मला खोटा म्हटलं आणि भागीदारी तोडली. मी खोटा नव्हतो. ते वारले, तरी तो राग माझ्या मनात आहे.

गेल्या वर्षी माझी आठ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली. कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली. विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नुसत्या प्लास्टरनं हाडं जागेवर राहणार नाहीत. आतून बारीक लवचिक सळया घालाव्या लागतील."

"लहान पोर हाय. प्लास्टरवरच भागवा की," मी म्हणालो.

"हा बाजार नाही, शेठ. हात वाकडा राहील."

ऑपरेशन चांगलं झालं. वरून प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळभर पोर रडत होती. सिस्टर म्हणाल्या, मुलं रडतातच. दुपारी ती गप्प झाली. बायको म्हणाली, "आवं, आता डोळा लागलाय. उठवू नका तिला."

मी शेजारी बसून चादरीखाली तिची बोटं हातात घेतली. गार होती. आणि माझ्या तळहातात नख रुतलं... गर्रकन फिरलं.

मी चादर ओढून फेकली. बोटं सुजून निळसर झाली होती.

"बाळा, तू नख मारलंस?"

"न्हाई पप्पा. बोटं हलतच न्हाईत. मुंग्या बी थांबल्या."

मी असा ओरडलो की अख्खा मजला गोळा झाला. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी प्लास्टर उभं कापलं. आत सूज वाढून रक्त अडलं होतं. हळूहळू बोटांना रंग आला.

"वेळेत बोलावलंत. अजून उशीर झाला असता तर हात कामातून गेला असता," डॉक्टर म्हणाले. "कसं कळलं?"

मी नखाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "शक्य नाही. तिला अंगठा हलवता येत नव्हता."

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा अण्णा गेले. आमच्या भांडणामुळे तिनं त्यांना कधी पाहिलं नाही. रुमालाचे सौदे तर तिच्या जन्माआधीच बंद झालेले.

आता ती त्याच हातानं सायकल चालवते, भावाला धपाटे घालते. अण्णांनी मला खोटा म्हटलं, ते चूकच होतं, हे आजही ठासून सांगतो. पण गेल्या महिन्यात त्यांच्या दारावरून जाताना पहिल्यांदाच गाडी थांबवली. मेलेल्या माणसाशी भांडण मिटवायचं कसं, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.