व्याह्यांचा उजवा खांदा

रानडुकराच्या शिकारीला बंदूक लागते ती शेवटी. आधी गप्प बसता यावं लागतं, आणि आमच्या घराण्यात ही विद्या कुणालाच आलेली नाही.

त्यातही मी सगळ्यांच्या वरताण. इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळात मला आता आभारप्रदर्शनाला उभं करत नाहीत. एकदा माझे आभार संपेपर्यंत केटरिंगवाला भांडी आवरून घरी गेला होता! (हॉलवालाही गेला होता, असं काही लोक सांगतात. साफ खोटं. तो पार्किंग लॉटमध्ये थांबला होता.)

अशा माणसाच्या नशिबी व्याही आले ते बिलराव! आमच्या सईने टायलरशी लग्न ठरवलं, आणि टायलरचे वडील म्हणजे टेक्सासातले सहा फुटी मौनीबाबा. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना माझी गुडघेदुखी, अमेरिकेतला माझा पहिला हिवाळा, हापूस आणि पायरीतला फरक असं सगळं सविस्तर सांगत असे. ते "येप" म्हणत. बैठक फारच रंगली तर "येप, सर."

आणि एक दिवस त्यांचंच आमंत्रण आलं. रानडुकराच्या शिकारीला या, गाइड ठरवलाय.

पाठोपाठ सईचा फोन. "बाबा, धिस इज ह्यूज! ते कोणालाच नेत नाहीत. टायलरच्या अंकलला पण नाही!"

"जातो की. त्यात काय!"

"ऐक ना. त्यांना वाटतं, तू त्यांना लाइक करत नाहीस."

"मी? अगं, किती बोलतो मी त्यांच्याशी!"

"दॅट्स द प्रॉब्लेम, बाबा! ते टायलरला म्हणाले, मी कॉलमधून उठून गेलो तरी त्यांना कळणार नाही." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "एकच संध्याकाळ बोलू नकोस. प्लीज. मला तुमचं दोघांचं जमायला हवंय."

मला ते लागलं. खरंच लागलं. एकुलती एक लेक, आणि तिच्या सासऱ्यांना वाटावं, ते मला नकोसे आहेत? ठरवलं, गप्प बसायचं म्हणजे बसायचं! घरीच सराव सुरू केला. पहिल्या दिवशी जेवताना मी बोललो नाही, तर आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शुभाने, कपाळाला हात लावून ताप पाहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तिसऱ्या दिवशी ती कॅन्सल केली आणि म्हणाली, "असू द्या हो. बरं वाटतंय."

टेक्सासात शुभा विहीणबाईंकडे थांबली आणि आम्ही दोघे व्याही जंगलाकडे निघालो. डेल नावाचा गाइड फाटकाशीच उभा होता. त्याने हात मिळवायच्या आधी माझा वास घेतला! डुकराचं नाक भलतं तिखट, अत्तर-मसाला काही चालत नाही, म्हणाला. मग माझी शिदोरी उघडली. लसणाची चटणी त्याने दोन बोटांत धरून लांब ट्रकमध्ये नेऊन ठेवली आणि हात धुतले. दहीभात तेवढा पास झाला.

मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी खोली. समोर मोकळं रान, मधोमध डुकरांना भुलवायला मका उधळणारं पिंप. बिलराव बंदूक घेऊन खिडकीशी, मी त्यांच्या उजव्या हाताला, डेल मागे. डेलने ओठांवर बोट ठेवलं. ठेवताना बघत मात्र माझ्याकडेच होता.

बसलो. पोटात शब्दांची नुसती दाटी झाली! समोरून एक हरीण गेलं, त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं निदान अर्ध्या तासाचं होतं. गिळलं. शेवटी तोंडाला काहीतरी काम हवं, म्हणून दहीभाताचा डबा उघडला. आता आपण एकट्याने कसं खायचं? बिलरावांपुढे डबा धरला. त्यांनी मान हलवली. मी भुवया उंचावल्या. त्यांनी तळहात दाखवला. मी छातीवर हात ठेवून असा काही चेहरा केला की बिचाऱ्यांनी मुकाट्याने चमचा उचलला. तीन वेळा वाढलं! तोंडातून अवाक्षर न काढता इतका आग्रह आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल.

आणि मग ऊन कलायला लागलं. ओकच्या पानांतून पिवळा उजेड झिरपत होता, गवत वाऱ्यावर हलत होतं, लांब कुठेतरी पारवे घुमत होते. इतकी शांतता मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो (आजवर मध्ये मीच यायचो!). पोटात दहीभात, अंगावर गार वारा. वाटलं, क्षणभर डोळे मिटून ऐकावं.

समोर पंगत बसली होती. पाटांवर रानडुकरं, प्रत्येकापुढे केळीचं पान. बिलराव सोवळं नेसून वरणावर तूप वाढत होते. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन आग्रह करत फिरत होतो. एक थोराड डुक्कर, सुळे पांढरेशुभ्र, गळ्यात उपरणं, भाताचं आळं करता करता संथ आवाजात काहीतरी सांगत होतं. काय ते कळत नव्हतं, पण ऐकावंसं वाटत होतं. मध्ये मी तोंड उघडलं, तर ते मायेने म्हणालं, "थांबा जरा, माझं होऊ द्या." आणि मी थांबलो! मागे कुठेतरी सनई लागली होती आणि ती फार जवळून येत होती.

डोळे उघडले तेव्हा रान केशरी झालं होतं. माझं डोकं बिलरावांच्या उजव्या खांद्यावर होतं. खांदा ओला होता. बिलराव पुतळ्यासारखे ताठ, आणि मागे डेल तोंडात टोपी कोंबून हुंदके देत होता. हुंदके कसले, हसत होता!

"आली का डुकरं?" मी विचारलं.

"आली?" डेलने डोळे पुसले. "अख्खं खानदान येऊन गेलं! डुकरांना बोलवायच्या तऱ्हेतऱ्हेच्या शिट्ट्या मी वाजवल्या आहेत, पण तुझ्या घोरण्याला तोड नाही. एवढं मोठं डुक्कर मी जन्मात पाहिलं नव्हतं. इथे, खांबाला अंग घासत उभं होतं आणि तुला उत्तर देत होतं!"

"मग मारलं का नाही?"

डेलने नुसतं बिलरावांच्या खांद्याकडे बोट दाखवलं. बंदूक टेकायची जागा ती. तिथे माझं डोकं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बिलराव, अहो, उठवायचं तरी मला!"

बिलरावांनी खांदा हळूच मोकळा केला आणि रानाकडे बघत म्हणाले, "डुकरं काय, पुढच्या आठवड्यातही येतील. तुम्हाला छान झोप लागली होती."

दोन वाक्यं! आणि त्यांतलं एकही 'येप' नव्हतं. मला भरून आलं. खिशातला रुमाल काढून त्यांचा खांदा पुसायला लागलो.

घरी पोचल्यावर विहीणबाईंनी विचारलं, "मिळालं का काही?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात बिलरावच सुरू झाले! डुक्कर कसं आलं, कान कसे टवकारले, मी कसा घोरत होतो. माझं घोरणं तर त्यांनी साभिनय करून दाखवलं, वरच्या पट्टीतलं वेगळं, खालच्या पट्टीतलं वेगळं. विहीणबाई हातातली कॉफी विसरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. शुभा म्हणाली, "अगदी हुबेहूब!"

रात्री सईचा फोन आला. "बाबा! तू काय केलंस? ते टायलरला म्हणाले, असा हंटिंग पार्टनर त्यांना कधीच मिळाला नव्हता!"

"अगं, स्वभाव असतो एकेकाचा," मी जरा छाती फुगवली. "माणसं जिंकायची म्हणजे..."

शुभाने फोन ओढून घेतला. "झोपले होते गं ते! पूर्ण वेळ!"

मी फोन परत ओढून कानाला लावला. मग सई अगदी हळू, लाडात येऊन म्हणाली, "बाबा, लग्नाच्या दिवशी पण थोडं झोपशील का?"

मी यावर काही बोललो नाही. सवय करतोय.