गरम कुंडातली जागा

गंधकाच्या साबणाचा वास आला की पैनगंगेकाठचं ते गरम पाण्याचं कुंड आठवतं. साठ सालच्या सुमारास यवतमाळहून आमची मुक्कामी सहल गेली होती. रात्री पडक्या देवळाशेजारी आईने सहलीत नव्यानेच ओळख झालेल्या, गुडघे धरलेल्या यमुनाबाईंना आपल्या डब्यातली भाकरी आग्रहाने वाढली.

सकाळी आम्ही बायका कुंडात उतरलो. अवशेष दाखवणारा गुरव यमुनाबाईंना म्हणाला, “आधी देवाच्या पाया पड.”

“आमी धम्माची दीक्षा घेतली, भाऊ. पाया नाई पडत. मले गुडघ्यासाठी पानी पायजे,” म्हणत त्या पाण्यात उतरल्या.

क्षणात कुंड रिकामं झालं. माझा दंड ओढत आईही बाहेर पडली.

यमुनाबाई गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. “बरं झालं वं माय,” त्या म्हणाल्या, “पाय लांब कराले जागा झाली.”