मामाने इंजिनाला शिवलेला कोट

माझा मामा शिंपी. पण गाडी गॅरेजला द्यायची म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. आपला हात जगन्नाथ, म्हणत तो स्वतःच पाने-पक्कड घेऊन बॉनेटखाली शिरतो. यात त्याने काय काय मोडलंय, ते मी सांगणार नाही. पडलो तरी नाक वर, असा माणूस आहे तो.

या थंडीत गाडी गारठू नये म्हणून त्याने तिच्या डिझेल इंजिनाला कोट शिवला. थट्टा नाही. जाड अस्तर, चार बटणं, आणि फिटिंग असं की आत करंगळी जायची नाही.

दुसऱ्याच दिवशी मामीची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. वय अठ्ठावन्न, दोनदा नापास, आणि शिकाऊ परवान्याची मुदत संध्याकाळी संपणार. परीक्षेला गाडी आपलीच लागते. सकाळी सातला मामीने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि गप्प झाली.

"हीटर गेले," मामा म्हणाला. गारठ्यात डिझेल पेटायला इंजिनातले छोटे हीटर आधी तापावे लागतात. मामाने कोटाची एक बाजू उघडून चारही हीटर काढले, त्यांच्यावर शिंप्याच्या खडूने नंबर घातले आणि एकेक बॅटरीला लावून पाहिला. चारही लालबुंद. परत बसवले, बटणं लावली. गाडी ढिम्म. तोवर आठ वाजले होते.

मामी दुकानात काज-बटण करते. ती कोटावर वाकली. "अहो, इथे शिवण ताणलीय. खाली काहीतरी ओढलं जातंय."

"माझं फिटिंग चुकत नाही."

"तुमच्या फिटिंगचे कपडे उसवायला लोक माझ्याकडेच येतात," असं म्हणून तिने कात्री चालवली.

कोटाखाली तापमानाच्या सेन्सरची पिन ओढली जाऊन निघाली होती. सेन्सरकडून काही कळेना, म्हणून गाडीने इंजिन गरमच आहे असं धरलं आणि हीटरना वीजच दिली नाही. मामाने पिन दाबून बसवली. पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली.

परीक्षेच्या मैदानाच्या कडेला मामा माझ्याशेजारी उभा होता. मामीने गाडी न अडखळता चढावर घेतली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता ही कुठे जायचं तर मला विचारणार नाही." मला हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा पाहून आलं नाही.

मामी पास झाली. कागद पर्समध्ये ठेवून तिने आतून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "बसा," ती मामाला म्हणाली, "आधी तुम्हाला दुकानात सोडते. मग मी जरा फिरून येईन."