मोठ्या कुंकवाची बाई

ही बाई आमच्या जालन्याची. आधी नाटकात होती, मग टीव्हीवरच्या मालिकेत सासू झाली. संक्रांतीला माहेरी आली की मस्तगडला माझ्या दुकानात येते, तासभर गादीवर बसून वीस साड्या उलगडायला लावते आणि म्हणते, "भाऊ, बराबर भाव सांगा, न्हाईतर मी निघाले." मग एक चप्पल पायात घालून थांबते. भाव करण्यात मला हरवणारी ही एकटीच. माझ्याच दुकानातली साडी नेसून ती मालिकेत मिरवली, पण गावातल्या सत्काराला दुकानाचं नाव घेतलं नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही.

एका संक्रांतीला माझी बायको हळदीकुंकवाचं तबक घेऊन दुकानात आली होती. मालिकेतली मोठ्या कुंकवाची सासू समोर पाहून तिने हरखून कुंकवाचं बोट पुढे केलं. बाईचा नवरा दिवाळीतच वारला होता. मला माहीत होतं, बायकोला नव्हतं.

"अगं ए, थांब! नवरा गेलाय त्यांचा!" मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलो.

बायकोचा हात हवेतच राहिला. बाईने तो धरून स्वतःच्या कपाळाशी नेला.

"लावा वहिनी. तिकडं मेकअपवाला रोज लावून राह्यला. तुम्ही मनानं लावा."

बायकोने लावलं. बाई वाण घेऊन भर रस्त्याने तशीच गेली. ती मनापासून बोलली की सासूचं काम करत होती, मला आजही कळत नाही.

"माझं चुकलं का हो?" बायकोने विचारलं.

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि गादीवर पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागलो.